रिकाम्या जागेसाठी नाव

पक्षाच्या कचेरीतून आलेल्या त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं. वर शिडीचं चित्र, कारण शिडी ही आमची निशाणी. खाली सचिवांचं तिरकं, घाईचं अक्षर: "आपल्या गावातील खालच्या आळीची जागा रिकामी झाल्याचे समजले. वाईट वाटले. पोटनिवडणुकीसाठी उमेदवाराचे नाव त्वरित कळवावे. नाव नसल्यास तसे कळवावे."

ती शेवटची ओळ मला लागली. नाव नसणार याचा त्यांनाही अंदाज असावा.

मी रोज कागद घेऊन बसायचो आणि 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे जायचो नाही. गावात पक्ष म्हणजे आम्ही तिघं: मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. बायको निवडून आलेली होती, आणि तिचीच जागा गेली होती. भाऊ पक्षाचं नाव निघालं की उठून बाहेर जायचा. राहिलो मी. आयुष्यभर गावच्या वाचनालयाची कपाटं उघडली आणि लावली, पण चार माणसांसमोर उभं केलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. माझं नाव लिहिणं म्हणजे सचिवांची चेष्टाच झाली असती.

भाऊ गवंडी आहे. गाव त्याला मिस्त्री म्हणतं. बोलणं कमी, हात चांगला. त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायची कुणाला गरज वाटत नाही. त्याची बायको त्याच्या हाताखाली माल कालवायची, पाट्या वाहायची. ती निवडून आली ती माझ्यामुळं असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. मोठ्या पक्षांचे दोन उमेदवार एकमेकांची उणीदुणी काढत बसले आणि ती तेवढ्यात घरोघर जाऊन आली. ज्या घरात पडवीचा ओटा खचला होता तिथं ती बोलता बोलता हातानं चाचपून सांगायची, "खाली भर नीट घातली नाही हो." एवढाच तिचा प्रचार. तेव्हापासून आळी तिला मेंबरबाई म्हणते. मीही म्हणतो. घरात दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायला मला अवघड वाटतं.

ती मेंबर झाली आणि मिस्त्रीचं पंचायतीचं काम बंद झालं. मेंबरच्या घरच्या माणसानं पंचायतीचं काम घ्यायचं नाही असा नियमच आहे. शाळेची भिंत, विहिरीचा कठडा, मोऱ्या, ही सगळी कामं आधी त्याच्याकडं यायची. आता तीच कामं ठेकेदाराकडं जाऊ लागली, आणि ठेकेदार हा अध्यक्षांचा सख्खा चुलतभाऊ.

"मग त्याला कसं चालतं?" मिस्त्रीनं एकदा मला विचारलं होतं.

"चुलतभाऊ घरचा धरत नाहीत. त्यांची चूल वेगळी."

"मग मीही चूल वेगळी मांडतो," तो म्हणाला. "अंगणात."

मेंबरबाई हसली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सायकलला फावडं बांधून लांबच्या गावांना कामाला जाऊ लागला. उन्हात जायचा, अंधार पडताना यायचा. मांड्या आखडलेल्या, बोटांची टोकं सिमेंटनं खाल्लेली. जेवताना मीठ लागलं की हात झटकायचा. "तू बसलीस खुर्चीवर," तो म्हणायचा, "आणि मी सायकलवर."

खुर्ची म्हणजे सभागृहातली दाराजवळची, जिचा एक पाय आखूड होता. दोन्ही मोठे पक्ष टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे आणि ही दाराशी. चहा आत येताना तिच्यावरून जायचा आणि परत जाताना उरला तर तिला मिळायचा. "विरोधी पक्ष आला का?" अध्यक्ष विचारायचे. "आला, चप्पल काढतोय," कुणीतरी म्हणायचं. ती पायाखाली विटेचा तुकडा सरकवून खुर्ची नीट करायची आणि बसायची. सभा झाली की शिपाई तो तुकडा उचलून बाहेर टाकायचा.

तरी तिनं गटार मंजूर करून घेतलं. खालच्या आळीला गटार नव्हतंच. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी दारातल्या चरांतून जायचं. पुन्हा पुन्हा विचारून तिनं त्या सगळ्यांना इतकं दमवलं की शेवटी अध्यक्ष म्हणाले, "द्या बाई हिला गटार, आम्हाला जेवायला जाऊ द्या."

ठेकेदाराच्या माणसांनी ते घाईघाईत उरकलं आणि पाणी उलटं वाहू लागलं. मुद्दाम कुणी केलं नसेल. दोरी न लावता डोळ्यानं उतार धरला असेल. पण आळीचं सगळं पाणी ओढ्याकडं जायच्याऐवजी मधल्या घरांपाशी येऊन थांबायचं. ऊन तापत गेलं तसं ते हिरवं झालं, मग काळं झालं. डास झाले. घराघरांत तापाची माणसं निजली. कोपऱ्यावर राहणारी रेडिओकाकू, जिच्या तोंडून आळीला सगळ्या बातम्या कळतात, आमच्या दाराशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "नव्हतं तेच बरं होतं गं बाई. तेव्हा घाण वाहत तरी होती."

मेंबरबाईनं ऐकलं आणि भांडी घासत राहिली.

सभेत तिनं विषय काढला. ठेकेदार म्हणाला, पाणीच जास्त सोडतात लोक. अध्यक्ष म्हणाले, बघू. पुढच्या सभेतही म्हणाले, बघू. त्या संध्याकाळी घरी येताना तिच्या पदराला काळ्या चिखलाचे शिंतोडे होते. पायरीवर बसून ती मिस्त्रीची वाट बघत राहिली. तो आला, सायकल भिंतीला टेकवली, आणि ती म्हणाली, "उतार किती चुकलाय ते एकदा बघता का?"

"मी कशाला बघू? माझा काय संबंध? नियम आहे ना तुमचा?"

"बघायला नियम नाही."

तो हातपाय धुवायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची नळी होती, दोन टोकांचं पाणी सारखं करून चढउतार बघायची ती. एक टोक त्यानं माझ्याकडं दिलं. "धर दादा. हलवू नकोस."

मी गटाराच्या वरच्या टोकाला नळी धरून उभा राहिलो. मला ती स्थिर धरता येईना आणि त्यामुळं नळीतलं पाणी खालीवर होत होतं. "श्वास घेऊ नकोस की," तो खालून ओरडला. बायका दारात येऊन बघत होत्या. त्यानं वाकून खूण केली, पुन्हा पुढं गेला, पुन्हा खूण केली. शेवटी उभा राहून कमरेवर हात ठेवून तो बराच वेळ गटाराकडं बघत राहिला.

"मधला तुकडा फोडायला लागेल," तो म्हणाला. "बाकीचं चालेल."

मेंबरबाई अध्यक्षांकडं गेली. मी तिच्यासोबत होतो, पण फाटकाशीच थांबलो. ऐकू सगळं आलं. अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. ती म्हणाली, ठेकेदार करत नसेल तर आळीची माणसं मिळून करतील, मजुरी कुणाला नको, फक्त सिमेंट द्या. पंचायतीच्या कोठीत गटाराचीच उरलेली पोती पडलीत.

"उचला की," अध्यक्ष म्हणाले. "पडून पडून दगड व्हायची. आपलंच आहे."

मिस्त्रीनं लांबच्या गावचं काम सोडून आठवडाभर घरी राहायचं कबूल केलं. आळीतून कोण कोण आलं ते सांगायला बरं वाटत नाही. पहिल्या दिवशी बरेच आले, दुसऱ्या दिवशी कमी, आणि नंतर उरलो आम्ही तिघं. ताप होता, लोकांना आपापली कामं होती. मी कुणाला दोष देत नाही. छिन्नीनं काँक्रीट फोडताना मिस्त्रीच्या पाठीवर घामाची मिठाळ रेघ उमटायची. मेंबरबाई घमेल्यानं काळा गाळ उपसायची. वास असा की पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी पाणी आणायचो, पोती ओढायचो, एक पोतं माझ्या हातून फुटलं तेव्हा मिस्त्री नुसतं म्हणाला, "दादा, तू आपला सावलीत बस आणि आम्हाला काहीतरी वाचून दाखव." मी खरंच वाचून दाखवलं. दोघांपैकी कुणी ऐकत होतं असं वाटत नाही.

माल सुकल्यावर मेंबरबाईनं वरच्या टोकाला बादली ओतली. पाणी जरा थबकलं, मग निघालं. काडीकचरा पुढं ढकलत ते मधल्या घरांवरून गेलं, वळलं आणि ओढ्यात पडलं. रेडिओकाकू म्हणाली, "गेलं गं गेलं!" आणि स्वतःची बादली आणायला पळाली. मिस्त्री थापी धूत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "गेलं ना?" त्याला बघायची गरज नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं जे झालं ते आमच्या पक्षाच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. आमच्याकडं एक शिकवण आहे: सार्वजनिक वस्तू घेतली तर ती सभेत सांगायची, मग ती पेन्सिल का असेना. मेंबरबाईनं पुढच्या सभेत उठून सांगितलं, की खालच्या आळीतल्या गटाराचा मधला भाग आमच्या घरच्यांनी दुरुस्त केला, पंचायतीचं सिमेंट वापरलं, मजुरी घेतली नाही, नोंद करावी.

कारकून चांगला माणूस. तो हळूच म्हणाला, "बाई, झालं ना काम? कशाला लिहायला लावता?"

"लिहा."

"अहो, कुणी विचारलेलं नाही."

"म्हणून तर सांगतेय. लिहा."

त्यानं लिहिलं. दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं पहिल्यांदाच एकमेकांकडं बघून गप्प बसली. तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं ते त्या नोंदीनं त्यांच्या हातात आणून दिलं.

तक्रार कुणी केली ते कळलं नाही. चौकशीचे साहेब आले, सभागृहातच बसले. मी रात्री जागून तिच्यासाठी निवेदन लिहिलं होतं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि तोंडी विचारलं.

"गटाराचं काम कुणी केलं?"

"आम्ही. माझ्या घरच्यांनी."

"म्हणजे तुमच्या पतीनं?"

"हो. गवंडी तेच आहेत."

"सिमेंट?"

"पंचायतीचं. अध्यक्षांनी उचला म्हटलं."

साहेबांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मी असं म्हटल्याचं काही आठवत नाही. दिवसभर माणसं येत असतात."

"मजुरी घेतली नाही," ती म्हणाली. "ते पण लिहिलंय तिथंच."

साहेब मान हलवून म्हणाले, "बाई, मला कळतंय. पण नियमात 'मजुरी घेतली तर' असं नाही. 'काम केलं तर' असं आहे. तुम्ही नाही म्हटलं असतं तर..." ते थांबले. तिनं 'नाही' असं म्हटलंच नाही. मी खिडकीबाहेर उभा होतो. आत जाऊन निवेदनातला तिसरा परिच्छेद तरी वाचून दाखवावा असं मला फार वाटत होतं. मी गेलो नाही.

जागा गेली. उरलेल्या मुदतीत तिला उभंही राहता येणार नव्हतं. बाहेर आल्यावर ती चप्पल शोधू लागली. एक चप्पल कुणीतरी पायानं कोपऱ्यात ढकललेली होती.

"भाऊजी," वाटेत ती मला म्हणाली, "एक बरं झालं. आता सभेच्या दिवशी घरी दुपारी पडता येईल."

त्याच आठवड्यात ठेकेदार आमच्या दारात आला. गाडीवरून उतरला नाही. "मिस्त्री, सभागृहाला लागून खोली बांधायचीय. कागदपत्रं ठेवायला. आता काही अडचण नाही ना? माझ्या पोरांचा हात तुला ठाऊकच आहे. भिंत नजरेत भरली पाहिजे."

मिस्त्री पायरीवर बसून सायकलची साखळी बसवत होता. त्यानं हात पुसले. "कधी लागू?"

"उद्या ये. आणि वहिनींना घेऊन ये, माल कालवायला. मेंबर होत्या म्हणून काय झालं, हात तर तेच आहेत." हे बोलून तो मोठ्यानं हसला.

घर जरा सावरलं. मिस्त्री दुपारी जेवायला घरी येऊ लागला. किती काळानं त्याला उन्हाच्या वेळी घरात बसलेलं बघत होतो. दोघं सोबत जायची, सोबत यायची. संध्याकाळी मेंबरबाई जेवण झालं की बसल्या जागी पेंगायची. आळीतली माणसं सवयीनं अजून तिच्याकडं यायची. दिवा गेला, नळ गळतो. ती म्हणायची, "आता मी कोण? पंचायतीत जा सांगायला." माणसं जायची, आणि परत येऊन तिला सांगायची, बघू म्हणाले.

पत्र तेव्हाच आलं होतं. मी ते दोघांना वाचून दाखवलं. मिस्त्री नेहमीसारखा उठला. मेंबरबाई म्हणाली, "लिहून टाका भाऊजी, नाव नाही म्हणून. आपण केलं तेवढं केलं. आता त्यांना जरा सुखानं जगू द्या." 'त्यांना' म्हणजे मिस्त्रीला. मी बरं म्हटलं. आणि तेही लिहिलं नाही.

ठेकेदाराच्या चुलत्याचा नातू त्या जागेसाठी उभा राहणार असं रेडिओकाकूनं सांगितलं. दुसरं कुणी नाही. न लढताच येणार.

सभेच्या दिवशी मी दोघांचा डबा घेऊन बांधकामावर गेलो होतो. त्या दिवशी जेवायला घरी येता येणार नव्हतं, भिंत खिडकीच्या उंचीला आली होती. सभागृहाची त्या बाजूची खिडकी नवी खोली झाली की बुजणार होती. तोवर ती उघडीच होती. मिस्त्री फळीवर उभा राहून विटा लावत होता. आतलं टेबल, दोन्ही बाजूची माणसं, दाराजवळची रिकामी खुर्ची, सगळं त्याच्या गुडघ्याच्या पातळीला दिसत होतं. आत चहा चालला होता.

मेंबरबाई पाटी डोक्यावर घेऊन फळीवर चढली, त्याच्या हाताशी रिकामी केली आणि वाकून खाली उतरू लागली. आतून कुणीतरी म्हणालं, "बाई, आता तुमची जागा आमच्याही वर झाली." आतले हसले. तीही थोडी हसली. हसण्यासारखंच होतं.

मग अध्यक्षांनी विषय वाचला. "खालच्या आळीतील गटाराच्या मधल्या भागाची दुरुस्ती. ठेकेदारांचं बिल. मंजूर?"

"मंजूर."

"मंजूर. पुढचा विषय."

कारकून खोकला. तेवढंच. त्यानं लिहायला सुरुवात केली.

मिस्त्रीच्या हातात वीट होती, तिच्यावर माल लावलेला. ती त्यानं तशीच धरून ठेवली. मी खालून बघत होतो. त्याचे ओठ हलले, जणू तो वाक्य जुळवत होता. आत पुढचा विषय सुरू झाला, विहिरीवरच्या दिव्याचा. त्यानं मान वळवून खिडकीतून आत पाहिलं, एकेक माणसाकडं. कुणाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. शेवटी त्याची नजर दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन थांबली.

"अहो," मेंबरबाई खालून म्हणाली. तिनंही ऐकलं होतं. "माल सुकतोय."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? मी आता पाटी उचलणारी. लावा ती वीट."

त्यानं वीट लावली. थापीच्या दांड्यानं ठोकली, जरा जास्तच जोरात. विटेचा कोपरा उडाला. त्यानं ती काढली, दुसरी घेतली. डबा त्यानं अर्धाच खाल्ला.

दुपारनंतर ठेकेदार आला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "झकास. पण मिस्त्री, माल जरा मोकळा लाव. वाळू वाढव. आतून कोण बघतोय? गिलावा चढला की सगळं सारखंच."

मिस्त्रीनं मान डोलावली नाही की हलवली नाही. ठेकेदार गेल्यावर त्यानं मेंबरबाईकडं बघून नुसती बोटं हलवली, पूर्वीसारखाच माल कर म्हणून. ठेकेदाराला कळेल तेव्हा कळेल.

संध्याकाळी घरी हातपाय धुऊन तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसला. तो तिथं सहसा येत नाही. पुस्तकांची धूळ त्याला सोसत नाही, असं म्हणतो. विटांच्या भुकटीत आयुष्य गेलेला माणूस.

"दादा, त्या पत्राला उत्तर टाकलंस का?"

"नाही रे. टाकतो. काय लिहावं ते..."

"माझं नाव घाल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मेंबरबाई मागं दाराशी थापी, घमेली धूत बसली होती. तिचा हात थांबला.

"कुणाचं?" ती म्हणाली.

"माझं. मला काही अडचण नाही ना, दादा? बंदी तिला आहे."

"तुला नाही," मी म्हटलं. "पण तू निवडून आलास तर काम..."

"ठाऊक आहे."

मेंबरबाई उठून आली. ओले हात तसेच. "सभेत बोलावं लागतं," ती म्हणाली. "नुसती मुंडी हलवून भागत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं होतं तर तुम्ही गोठ्यात जाऊन बसला होतात."

"एकच प्रश्न विचारायचाय."

"कुठला?"

"जे काम केलं म्हणून हिला काढलं, त्याचं बिल ठेकेदाराला कसं?"

तिनं ओले हात पदराला पुसले. "एका प्रश्नासाठी पुन्हा सायकल काढणार?"

"हवा भरावी लागेल," तो म्हणाला.

बाहेर आळीतून पाणी जाण्याचा बारीक आवाज येत होता. कुणीतरी भांडी धूत असेल. मेंबरबाई दारात बसली, गुडघ्यांवर हात टाकून. ती खूश झाली नव्हती. पुन्हा लांबची कामं, उशिरा येणं, मीठ लागलं की झटकलेले हात, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"न लढताच येणार होता तो नातू," ती शेवटी म्हणाली. "आता लढून येईल."

"येऊ दे."

"तुम्ही पडलात तरी ठेकेदार काम देणार नाही. दोन्हीकडून गेलात."

"भिंत पुरी होईस्तोवर अर्ज भरायचा नाही. शेवटच्या दिवशी भरू. अर्धी भिंत सोडायची नाही मला."

"हे पण लिहू का?" मी विचारलं.

"लिही. त्यांना कळू दे."

मी कागद घेतला. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं. मग त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते पूर्ण लिहीत होतो असं वाटलं. धंदा: गवंडी. अर्ज शेवटच्या दिवशी भरू, कारण एक भिंत अपुरी आहे. आणखी काही लिहावं, पक्षाच्या ध्येयाबद्दल एखादं वाक्य तरी, असं वाटलं. दोनदा लिहून खोडलं.

मेंबरबाई त्याला सांगत होती, दमलेल्या आवाजात, जसं कुणी नव्या मजुराला काम समजावून देतं तसं. "विचारताना आधी सभेची तारीख विचारायची. ते सांगतील. मग बिल कधी आलं ते विचारायचं. मध्ये रागवायचं नाही. रागावलात की ते हसतात, आणि हसले की विषय संपला."

"हं."

"उभं राहून विचारायचं. बसून विचारलं तर ऐकू आलं नाही म्हणतात."

"हं."

"आणि प्रचाराला मी यायची नाही. माझे पाय दुखतात."

"नको येऊस."

"वरच्या टोकाच्या घरांना तेवढी जाईन," ती म्हणाली. "तिथं तुम्ही कधी कुणाशी बोललेला नाहीत."

सकाळी ती दोघं कामावर गेल्यावर मी पत्र घेऊन निघालो. टपालपेटी दुकानाच्या भिंतीला लावलेली आहे. तिथं पोचेपर्यंत मी दोनदा थांबून पाकीट उन्हाकडं धरून पाहिलं, नाव बरोबर लिहिलंय ना म्हणून. आतलं काही दिसलं नाही. ठेकेदाराची गाडी समोरून गेली. त्यानं मला हात केला, मीही केला. मग पेटीचं झाकण वर उचललं आणि पत्र आत सोडलं. पेटी बहुतेक रिकामीच होती. पत्र तळाला आपटल्याचं मला ऐकू आलं.